भीमाची कावड आणि कुरडयांचा चीक

इंदूरचा माणूस गावाबाहेर निघाला की आधी शेव कोणती घ्यायची ते ठरवतो. मग संध्याकाळी किती वाजता परत यायचं ते ठरवतो. जायचं कुठे, हा प्रश्न गाडीने बायपास ओलांडल्यावर निघाला तरी कुणाचं काही अडत नाही. आमच्या घरी या खेपेला सगळं उलटं झालं. कुठे जायचं ते पक्कं होतं, आणि जायला मात्र एकजण सोडून सगळे तयार होते. तो एकजणच गाडी चालवणारा होता, म्हणून हे सगळं सांगायची वेळ आली.

आम्ही गेलो कावडिया पहाडाला. तुमच्यापैकी बहुतेकांनी नाव ऐकलेलं नसेल, आणि त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. इंदूरहून दोन-अडीच तासांवर असून इंदूरनेही ऐकलेलं नाही. बागलीच्या पुढे जंगलात एक टेकडी आहे. तिथे दगडाचे लांबच लांब खांब आहेत, पैलू पाडल्यासारखे सरळ. काही उभे, काही सरपणाच्या मोळीसारखे एकावर एक आडवे. कुणी घडवलेले नाहीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा वर आला, थंड झाला, आणि थंड होता होता असा तडकला. झालं. एवढंच पाहायला आम्ही चार माणसं, दोन थर्मास आणि एक स्टीलचा डबा घेऊन मे महिन्याच्या उन्हात निघालो. शहाणी माणसं त्या महिन्यात पडदे लावून आमरस खातात.

शनिवार, सुदामा नगर

माणसं सांगते आधी. मी, म्हणजे आजी. सत्तरी गाठलेली. शाळा मॅट्रिकपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयात आणि रद्दीत. माझा मुलगा शिरीष, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. घरातही तो हुद्दा काढून ठेवायला विसरतो. सून अश्विनी, शाळेत शिकवते, म्हणून घरी कमी बोलते. आणि नात मुक्ता, बारावी झालेली, जिच्यासाठी हा खटाटोप.

मुक्ताला भूविज्ञान शिकायचं होतं. कॉलेजच्या फॉर्मची शेवटची तारीख सोमवार. शिरीषचं म्हणणं, बीबीए.

"जिऑलॉजी लेकर क्या करेगी? गिट्टी की खदान खोलेगी?" तो म्हणाला. आमच्या घरात भांडण सुरू झालं की पहिलं वाक्य हिंदीत येतं, मग मराठीत उतरतं. "दगडांनी पोट भरतं का, सांग मला!"

असली वाक्यं हा कुठून शिकला कोण जाणे. मी म्हटलं, "वा! लिहून ठेव कुणीतरी."

"आई, तू बीच में मत बोल ना. तुझ्यामुळेच डोक्यात घुसलंय तिच्या."

हे मात्र खरं. आणि ते कसं घुसलं ते सांगायलाच हवं, कारण पुढे सगळं त्यावर आहे.

मुक्ता सातवीत होती तेव्हाची गोष्ट. मी कुरडया घातल्या होत्या. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, पिळून चीक काढायचा, तो रात्रभर बसला की वरचं पाणी ओतून खालचा घट्ट पांढरा चीक शिजवायचा. तर शिजवता शिजवता गॅस संपला. अर्धं पातेलं कच्चा चीक उरला. तो मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे ठेवला, आणि विसरले. माझी स्मरणशक्ती उत्तम आहे, फक्त ती लोकांच्या चुकांसाठी राखीव असते. तीन आठवड्यांनी पातेलं सापडलं. वर भेगांची जाळी पडलेली. उपडं केलं, तर चीक ढेकळासारखा पडला नाही. काड्याकाड्यांनी सुटला! पेन्सिलीएवढ्या काड्या, प्रत्येकीला पैलू, एकमेकींना चिकटून उभ्या. मी म्हटलं, गेला माझा चीक वाया. मुक्ता म्हणाली, "आजी, थांब, फेकू नको." वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात तिने दगडाच्या खांबांचं चित्र शोधून दाखवलं. हुबेहूब माझं पातेलं.

त्या दिवसापासून आम्ही दोघी बिघडलो.

तर शनिवारी जेवताना तह झाला. शिरीष म्हणाला, "ठीक आहे. एक संडे तुमचा. तुमच्या त्या पहाडावर मला एक गोष्ट दाखवा जी मोबाइलवर दिसत नाही. दाखवली तर फॉर्म तुमचा. नाही तर सोमवारी बीबीए, आणि नो रोना-धोना."

मुक्ताने मान हलवली. तिचा हात पोळीवर तसाच राहिला होता. मी वर गेले आणि टाकीमागून या वर्षीचं पातेलं आणलं. या वर्षी मी विसरले नव्हते. मुद्दाम वाळवलं होतं.

रविवार सकाळ, डबल चौकीपर्यंत आणि पुढे

सहाला निघायचं ठरलं म्हणून पावणेआठला निघालो. चिकाचा अख्खा गोळा मी स्टीलच्या डब्यात, खाली पंचा घालून, मांडीवर घेतला होता. बाळंतिणीला घरी आणताना लोक जसे जपतात तसं.

"काय आहे त्यात?" शिरीष.

"पुरावा."

"खाने का है?"

"नाही."

"मग गाडीत कशाला?" इंदूरच्या माणसाचा हा प्रश्न अगदी प्रामाणिक असतो.

डबल चौकी मागे टाकून चापड्याला एका टपरीवर पोहे खाल्ले. माझी पुण्याची नणंद पोह्यांवर ओलं खोबरं घालते, लिंबाची फोड ठेवते आणि आमच्या पोह्यांवरची शेव पाहून नाक मुरडते. तिला आणायला हवं होतं. इथे पोह्यांवर शेव नव्हती, शेवेखाली पोहे होते. शिरीषने चार घास खाल्ले आणि निकाल दिला, "इंदौर वाली बात नहीं." हा माणूस स्वर्गात गेला तरी तिथल्या नाश्त्याबद्दल हेच सांगेल. टपरीवाला म्हणाला, "भिया, तो इंदौर से डब्बा बाँध लाते." अश्विनी पहिल्यांदा हसली.

डब्याचं नाव निघालं तेच बहुतेक नडलं. बागलीच्या अलीकडे एका वळणावर म्हैस उभी होती. रस्त्याच्या मधोमध, सरकारी कामकाज असल्यासारखी. शिरीषने ब्रेक दाबला. मी पुढे, डबा माझ्याही पुढे. झाकण उडालं आणि सहा आठवड्यांचा माझा पुरावा गाडीभर झाला. सीटवर, पायाशी, गिअरच्या खाचेत, शिरीषच्या शर्टावर पांढऱ्या काड्या आणि पीठ.

"आई! ये क्या खडू लेके चली हो तुम!"

"खडू नाही रे, चीक आहे."

"चीक! सीट कव्हर नवीन आहेत!"

"म्हशीला सांग."

मुक्ता खाली वाकून काड्या वेचत होती. आरशात शिरीषला ती दिसत असणार, कारण त्याने पुढचं वाक्य गिळलं. म्हैस तेवढ्यात निघून गेली. तिचं काम झालं होतं.

पहाडावर

शेवटचा रस्ता रस्त्यासारखा नाही, म्हणून त्याचं वर्णन करत नाही. पोचलो तेव्हा पहिली गोष्ट घडली ती म्हणजे शिरीषच्या मोबाइलचं नेटवर्क गेलं. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, पैज इथेच जिंकली.

आणि मग समोर तो ढीग. बाई गं. मी चित्रं पाहिली होती, तरी तोंडातून शब्द फुटेना, आणि हे माझ्या बाबतीत क्वचित होतं ते सगळ्यांनी नोंदवलं. काळे, करडे, गंज चढल्यासारखे तांबूस खांब. माझ्या दोन हातांच्या कवेत येईल एवढा एकेक जाड. टोकं आपल्याकडे केलेली, जणू वखारीत कुणी हिशेबशीर रचून ठेवले आणि मालक यायचाच राहिला. हात लावला तर तव्यासारखे तापलेले.

झाडाखाली चहाची लहानशी मांडणी घेऊन एक गृहस्थ बसले होते, मांगीलालजी. पांढरा फेटा, मोठ्या मिशा. आम्ही सोडून गिऱ्हाईक नव्हतं. चहाबरोबर कथा फुकट होती.

"माताजी, भीम नर्मदाजी से ब्याह करणो चावे थो," ते माळवीत सांगू लागले. "नर्मदाजी ने कियो, मुर्गो बोले उका पेलां म्हारे रोकी दे, तो करूँ. भीम कावड़ में भाटा ढोतो रियो, ढोतो रियो. मुर्गो बोली गियो. भीम ने कावड़ याँ की याँ पटकी दी."

म्हणजे नर्मदेशी लग्न करायला भीम निघाला. तिने अट घातली की कोंबडा आरवायच्या आत मला अडवून दाखव. तो कावडीतून दगड वाहत राहिला आणि कोंबड्याने घात केला. म्हणून कावडिया पहाड. मला कथा आवडली. मुलगी बघायला येणाऱ्यांना नर्मदेसारखी अट घातली असती तर आमच्या वेळच्या किती मुलींचं भलं झालं असतं!

"बघ," शिरीष मुक्ताला म्हणाला, "मामला खत्म. भीमाने आणले. तुझ्या कॉलेजची गरजच नाही."

मुक्ता मांगीलालजींसमोर उकिडवी बसली. "काकाजी, भीम ने ये खड़े क्यों रखे, और वो उधर वाले आड़े क्यों?"

मांगीलालजींनी मिशीवरून हात फिरवला. "यो तो म्हारे से आज लग कोई ने नी पूछ्यो," ते म्हणाले, आणि खरोखर विचारात पडले. माझ्या माहितीत वडीलधाऱ्या पुरुषाने असं उत्तर देण्याची ही पहिलीच वेळ.

मग मुक्ताने सांगितलं. डब्यात उरलेल्या काड्या हातात घेऊन सांगितलं. चीक वाळताना आकसतो, पण पातेल्यात आकसायला जागा नाही, म्हणून तडकतो. तडा वरून सुरू होतो आणि हळूहळू आत उतरतो. लाव्हा वाळत नाही, निवतो. पण निवतानाही आकसतोच. जो पसरून निवला त्याचे खांब उभे. जो जमिनीच्या भेगेत अडकला, तो दोन्ही बाजूंच्या भिंतींकडून निवत गेला, म्हणून त्याचे आडवे. मांगीलालजी ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तो भीम ने कढ़ाई चढ़ाई थी, यूँ को नी." म्हणजे भीमाने कढई चढवली होती, असं म्हणा की. यावर आम्हा दोघींची काहीच हरकत नव्हती.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला राहवलं नाही. मी छातीठोकपणे जाहीर केलं, "आणि प्रत्येक खांबाला सहा बाजू! निसर्गाचा नियम आहे."

शिरीष उठला. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखा एकेका खांबाच्या टोकावर बोट ठेवत चालला. "पाच. सहा. पाच. सात. ये देखो, चार! आई, तुझा नियम सुट्टीवर आहे का?"

"सहाच्या आसपास, पप्पा," मुक्ता हळूच म्हणाली. "आजीने जरा राउंड फिगर केली."

अशी माझी विद्वत्ता तिथे उन्हात वाळली. अश्विनीने मला ताक दिलं. तिच्या शाळेत मुलं चुकली की ती काय करते ते मला तेव्हा कळलं.

दुपार व्हायला आली. शिरीष घड्याळ पाहायला लागला. "चलो, निघू या. सगळं छान आहे, पण हे सगळं मोबाइलवर आहे. व्हिडिओ पण आहेत." मुक्ता काड्या डब्यात भरत होती. तिने झाकण लावलं, ते नीट बसत नव्हतं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

ओढ्याकाठी

खाली एक कोरडा ओढा आहे. गाडी त्याच्या पलीकडे होती. तो ओलांडताना शिरीष थांबला. आधी वाटलं, चपलेत खडा गेला. तो वाकला आणि लिंबाएवढा एक गोटा उचलला. बाहेरून अगदी कुरूप, भाजलेल्या बटाट्यासारखा. त्याने तो कानाशी नेऊन हलवला. मग हातावर तोलला.

"हा आतून पोकळ आहे," तो म्हणाला.

"कशावरून?" अश्विनी.

"वजनावरून. फोडला तर आत काचा निघतील. दातासारख्या, पांढऱ्या." त्याने शर्टावरची एक चिकाची काडी काढली, जी सकाळपासून तशीच अडकली होती, आणि उगाच दोन बोटांत फिरवत राहिला. "लाव्हात हवेचे बुडबुडे राहतात ना. त्यात मग पाणी झिरपतं, काचा वाढत जातात. एक तर जांभळा होता माझ्याकडे."

"तुमच्याकडे?" मुक्ता जागच्या जागी थांबली. "पप्पा, तुमच्याकडे कुठून?"

"सुदामा नगरात तेव्हा सगळीकडे घरांचे पाये खोदत होते. शाळेतून येताना प्रत्येक खड्ड्यात उतरायचो. बूट का पूरा डिब्बा भरा था. नंबर टाकले होते मी सगळ्यांवर."

"मग? कुठे आहे तो डबा?"

शिरीषने माझ्याकडे पाहिलं नाही. गोट्याकडेच पाहत म्हणाला, "आजीला विचार."

मला प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं, हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. मी थर्मासचं झाकण आवळायला घेतलं. ते आधीच आवळलेलं होतं.

दहावीचं वर्ष होतं त्याचं. सहामाहीत गणितात मार्क कमी पडले. अंगणात तेव्हा तुळशीचा ओटा बांधायचं काम चाललं होतं, आणि गवंडी ओट्यात घालायला दगड-विटांचे तुकडे मागत होता. मी पलंगाखालून बुटांचा तो खोका ओढला आणि गवंड्याच्या हातात दिला. "घाला भरावात," म्हटलं. संध्याकाळी शिरीषने विचारलं, "आई, माझा खोका?" मी म्हटलं, "कुठला खोका?" त्याने पुन्हा विचारलं नाही. जेवायला बसला तेव्हा मीच वर ऐकवलं. काय ऐकवलं ते माझ्या कानात आता, ओढ्यात उभ्या उभ्या, जसंच्या तसं वाजलं. दगडांनी पोट भरतं का, सांग मला.

असली वाक्यं हा कुठून शिकला, असं मी शनिवारचं सांगताना मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं.

"ओट्यात आहे," मी मुक्ताला सांगितलं. "तुळशीच्या. मी घातला."

वर मांगीलालजींची किटली वाजत होती.

"मला माहीत होतं आई," शिरीष म्हणाला. "गवंड्यानेच सांगितलं होतं मला दुसऱ्या दिवशी. तो म्हणाला, बाबू, उसमें एक जामुनी रंग का था, बहुत सुंदर."

मुक्ताने त्याच्या हातातला गोटा घेतला, कानाशी नेऊन हलवला. "पप्पा, हे वजनावरून कळतं ते व्हिडिओत असतं का?"

"नसतं," तो म्हणाला. आणि मग, बँकेतल्या आवाजात, "चलो, ऊन वाढतंय."

त्याने गोटा तिच्याकडून परत घेऊन खिशात घातला, तसे वरून मांगीलालजी ओरडले, "बाबूजी, याँ को भाटो घर नी लई जाणो! भीम पाछो माँगे!" इथला दगड घरी नेला तर भीम परत मागतो म्हणे. शिरीषने निमूटपणे गोटा काढला, जिथून उचलला होता तिथेच, त्याच खळग्यात ठेवला. वरून पायाने थोडी रेती सारखी केली. इतका आज्ञाधारक मी त्याला दहावीनंतर पाहिला नव्हता.

परतीच्या वाटेवर चापड्याला पुन्हा थांबलो. त्याने पुन्हा पोहे मागवले आणि या वेळी तक्रार केली नाही. घरी पोचेपर्यंत फॉर्मबद्दल अवाक्षर नाही. मुक्ताने विचारलं नाही. मी तर नाहीच. माझं तोंड उरलेला दिवस बंद राहिलं, त्याचा अश्विनीला जास्त घोर लागला. तिने रात्री मला क्रोसिन आणून दिली.

सोमवार आणि पुढचा रविवार

सोमवारी सकाळी शिरीष मुक्तासमोर लॅपटॉप घेऊन बसला. फॉर्ममध्ये पसंतीचे पाच रकाने होते. पहिल्यात त्याने स्वतः भूविज्ञान टाकलं. दुसऱ्यातही टाकायला गेला, तर मशीनने घेतलं नाही. "काय फालतू वेबसाइट आहे," तो म्हणाला. मुक्ता त्याच्या पाठीवर डोकं टेकून हसत होती की रडत होती, ते मला चष्म्याशिवाय कळलं नाही.

मला वाटलं, प्रवास इथे संपला. प्रवासवर्णनंही साधारण इथेच संपतात, दोन चांगली वाक्यं टाकून.

रविवारी सकाळी मी तुळशीला पाणी घालायला बाहेर गेले. शिरीष अंगणात उभा. जुनी पँट, पायजमा नव्हे. म्हणजे काम ठरवून आलेला. एका हातात हातोडा, दुसऱ्यात शेजाऱ्यांची सब्बल, म्हणजे पहार. मागे मुक्ता झाडू घेऊन. त्याने ओट्याच्या पायाशी सब्बलीने हलकेच ठोकून पाहिलं, एकदा इथे, एकदा तिथे, कान देऊन.

"आई," तो म्हणाला, "तुळस जरा वेळ आत ठेवतेस का?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तुळशीची कुंडी उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. मग फळीवरून चिकाचा तो स्टीलचा डबा काढला, काड्या ताटात ओतल्या, आतून पुसून कोरडा केला, आणि अंगणात जाऊन त्याच्याशेजारी झाकण उघडून बसले.